गोड पाण्याचा अहवाल

आमच्या ग्रामपंचायतीत दोन पाणी आहेत. गावात येतं ते नाल्याकाठच्या विहिरीचं, मोटारीनं टाकीत चढवून नळाला सोडलेलं. दीड किलोमीटरवर कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती आहे, तिथे बोअरवर सौरपंप आणि पाच हजार लिटरची टाकी. विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ होतं, उन्हाळ्यात जड लागतं. पोडावरचं बारा महिने नितळ आणि गोड. घरी कार्यक्रम असला की गावातले लोक गाडीवर कॅन बांधून पोडावरून पाणी आणत.

एप्रिल 2023 पासून फेब्रुवारी 2025 पर्यंत या दोन पाण्यांच्या मागे बाटल्या, अर्ज आणि सह्या घेऊन फिरले. आता काम संपलं आहे म्हणून लिहिते. यवतमाळ जिल्ह्याचा पूर्वेकडचा पट्टा, पांढरकवडा-झरी-मारेगाव-वणी, एवढंच ठिकाण सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या टेबलावर आमचा कागद पडून राहिला ते लोक आठवडी बाजारात भेटतात.

जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात. आमच्या ग्रामसेवकांनी बचत गटाच्या रजिस्टरातून पाच नावं काढली, त्यात माझं होतं. मला निरोप आला तो थेट प्रशिक्षणाचा. पंचायत समितीच्या सभागृहात एक दिवस, हजेरीपटावर सही, डब्यात पुरी-भाजी. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या, पण चाळीस बायकांत एक किट, त्यामुळे बाटलीला हात लागला तो फार थोड्यांचा.

आमच्या गावाचं किट आधीच आलेलं होतं. ग्रामपंचायतीच्या कपाटात, सीलबंद. कपाटाची किल्ली ग्रामसेवकांकडे आणि ग्रामसेवकांकडे तीन गावांचा चार्ज. तोंडी मागून "पाहू, पाहू" झालं, तेव्हा साधा अर्ज लिहिला: प्रशिक्षण झालेलं आहे, किट तपासणीसाठी ताब्यात मिळावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतली. चार दिवसांत किट मिळालं. तुम्हीही हेच करा. पोच मागितली की समोरच्याला राग येतो, तो एका चहात जातो. कागद हरवला तर मात्र वर्ष जातं.

किटमध्ये छोट्या बाटल्या, परीक्षानळ्या आणि रंगांचं कार्ड असतं. पीएच, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, लोह, फ्लोराईड, उरलेला क्लोरीन असं सगळं त्यात बघता येतं. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक बाटलीवरची मुदतीची तारीख वाचायची. दुसरी, कार्डाशी रंग जुळवायचा तो उजेडात पण उन्हात नाही, आणि दोघींनी मिळून. एकटीला हवा तो रंग दिसतो.

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून मुख्याध्यापकांनी वर्ग उघडून दिला. गावच्या विहिरीचं पाणी फ्लोराईडच्या रसायनात गुलाबीच राहिलं. पोडावरच्या बोअरचं पाणी टाकलं तर ते पिवळ्याकडे गेलं. या चाचणीत फ्लोराईड जितका जास्त, तितका गुलाबी उतरून पिवळा होतो. परत केलं, नवीन नळी धुऊन केलं, माझ्या जोडीदारणीनं केलं. पिवळंच.

त्याच आठवड्यात पोडावर गेलो. पोडाचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, खाटेवर बसले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पानी तं गोड हाये ना बाई? वास नाई, किडा नाई. मंग खराब कसं?" या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. पण अंगणात खेळणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना हसायला लावलं, तर पुढच्या दातांवर तपकिरी आडव्या रेघा. गावातले लोक याला खर्र्याचे (तंबाखू-सुपारीचं मिश्रण चघळून झालेले) दात म्हणायचे. खर्रा आमच्याकडे खूप, हे खरं. पण खर्र्याचा डाग दातावर बाहेरून चढतो, तो घासून थोडाफार निघतो. फ्लोराईडचा डाग दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच पडतो, आणि त्या रेघा बहुतेक दोन्ही बाजूंच्या दातांवर सारख्या असतात. चौथीतल्या पोरीचे दात खर्र्यानं तसे होत नाहीत.

किटचा निकाल म्हणजे नुसता इशारा. त्यावर कोणी पैसे देत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि नमुना नेण्यातच अर्धं शहाणपण आहे.

रासायनिक तपासणीला प्लास्टिकचा स्वच्छ कॅन चालतो. फ्लोराईडसाठी तर प्लास्टिकच घ्यायचं, काच नको. ज्या पाण्याचा नमुना त्याच पाण्यानं कॅन दोन-तीनदा खळबळून घ्यायचा, आणि त्याआधी बोअर काही मिनिटं चालू ठेवायचा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जातं. जंतूंच्या तपासणीचं उलटं आहे. ती बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक करून आणावी लागते, तिच्यात क्लोरीन मारायला थोडं रसायन घातलेलं असतं, म्हणून ती धुवायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, काठोकाठ भरायची नाही. आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. म्हणजे आधी एकदा तालुक्याला जाऊन बाटली आणा, मग भरून परत जा.

आमच्या गावाची सकाळची एसटी साडेसातला. बर्फ मिळतो तालुक्याच्या मासळी बाजारात, गावात नाही. शेवटी आदल्या रात्री आमच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्यांत पाणी गोठवलं आणि थर्माकोलच्या खोक्यात बाटल्यांभोवती रचलं. खोकं मेडिकलवाल्यानं फुकट दिलं. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च फारसा नव्हता. ग्रामपंचायतीचं पत्र असल्यानं तपासणीचे पैसे पडले नाहीत. स्वतःच्या घरच्या विहिरीचं पाणी तपासायचं असेल तर शुल्क भरावं लागतं, ते आधी विचारून घ्या. कॅनवर गाव, स्रोत, तारीख, वेळ, कोणी घेतला हे सगळं लिहून चिकटपट्टी लावा. शाईच्या पेनानं लिहू नका, बर्फाच्या पाण्यात अक्षर पसरतं.

नमुने दिले ते जूनच्या पहिल्या आठवड्यात. पंधरा दिवसांत अहवाल येईल म्हणाले. पेरण्या झाल्या, कपाशी चार पानांवर आली, अहवाल नाही. ग्रामपंचायतीत विचारलं की "वरून आला नाई", वर विचारलं की "पाठवलाय". जुलैच्या मध्याला मीच जाऊन उभी राहिले, तर अहवाल संगणकात कधीचाच चढवलेला. छापून कोणी दिला नव्हता एवढंच. म्हणून नमुना देताना नमुना क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि चौकशी त्या क्रमांकानं करा. गावाच्या नावानं केलेल्या चौकशीला कोणी दाद देत नाही.

अहवालात गावच्या विहिरीचं फ्लोराईड लिटरला 0.6 मिलिग्रॅम, नायट्रेट 41, कठीणपणा 340, आणि ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, आढळले. पोडाच्या बोअरचं फ्लोराईड 2.9, कठीणपणा 120, पीएच 8.3, जंतू नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 10500 प्रमाणे, फ्लोराईड 1.0 पर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची हद्द 45, त्यात सूट नाही. ई-कोलाय 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

प्रयोगशाळेतल्या एका ताईंनी जेवणाची सुट्टी सोडून मला हे आकडे समजावले, त्यांचे उपकार आहेत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजते का?" शिजते ना! पोडावरून पाणी आणायचं ते त्यासाठीच. तुरीची डाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते. त्या म्हणाल्या, तेच कारण आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर ते फ्लोराईडला धरून खाली बसवतं, म्हणून जड पाण्यात फ्लोराईड सहसा कमी. खोल खडकात बराच काळ राहिलेल्या पाण्यातलं कॅल्शियम कमी होतं, सोडा वाढतो, पाणी हलकं आणि गोड होतं, आणि खडकातलं फ्लोराईड त्यात विरघळून राहतं. म्हणजे ज्या गुणासाठी आम्ही ते पाणी वाखाणत होतो, तोच गुण दोषाची खूण होता. नाईकांच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं.

त्यांनी आणखी एक सांगितलं जे गावोगाव सांगायला हवं. उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून थोडं वाढतंच. तुरटी फिरवून, कापडानं गाळून, ब्लीचिंग टाकून ते जात नाही. आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, ते दिसत नाही. आमच्याकडे आरओ विकायला आलेला मुलगा ते पेनासारखं मीटर पाण्यात बुडवून दाखवायचा. त्याच्या मीटरनं पोडाचं पाणी गावच्यापेक्षा सरस ठरवलं होतं. त्या मीटरला ना फ्लोराईड कळतं ना जंतू.

तर दोन पाण्यांचे दोन आजार. गावच्या पाण्यावर रोज इलाज करावा लागतो, पण इलाज स्वस्त आहे. पोडाच्या पाण्यावर कुठलीच पावडर चालत नाही, तिथे पाणीच बदलावं लागतं. अहवाल हातात आल्यावर ग्रामपंचायतीत बहुतेकांना वाटलं की टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जास्त टाकलं की दोन्ही निस्तरेल. हे डोक्यातून काढायलाच मला सगळ्यात वेळ लागला.

आधी गावचं सांगते, कारण ते आधी अंगावर आलं. जुलैच्या शेवटी खालच्या वॉर्डात जुलाब सुरू झाले. आशाताई ओआरएसची पाकिटं वाटत फिरल्या, आरोग्यसेवकांनी नळाचं पाणी परीक्षानळीत घेऊन ओटी, म्हणजे क्लोरीन तपासायचं रसायन, टाकलं. क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. आमचं तसंच्या तसं राहिलं. टाकीवर पावडर टाकली जात होती. पाणी सोडणारे भाऊ रोज टाकत होते, वहीत नोंदही होती. मग गेली कुठे?

पावडरची गोणी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, तोंड उघडं, शेजारी फवारणीचा पंप आणि 26 जानेवारीच्या पताका. मागच्या वर्षीची गोणी. नवीन ब्लीचिंगमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हवा-ओल लागली की उडून जातो आणि मागे राहतो तो चुना. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही. तिचाही नमुना तपासून मिळतो, आम्ही दिला, आणि ती नापास झाली. पंचवीस किलोची नवीन गोणी हजार रुपयांच्या आतबाहेर पडली. ती झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये ओतून ठेवली, गोणी फेकून दिली.

मात्रा आमच्याकडे हजार लिटरला पाच ग्रॅम धरतात. आमची टाकी पन्नास हजार लिटरची, म्हणजे अडीचशे ग्रॅम. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून त्यावर मार्करनं अडीचशेची रेघ मारून दिली, कारण "दोन मुठी" हे माप कोणाच्या मुठीचं ते कळत नाही. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, नळ सोडायचे नाहीत. भाऊ म्हणाले, "जास्त टाकली का बाया वासानं बोंबलतात, कमी टाकली का तुमी बोंबलता. मी कोनाचं आयकू?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग ठरवलं की टाकीजवळ तपासायचंच नाही. गावातल्या शेवटच्या नळाला ओटी टाकायचं, तिथे 0.2 आलं की झालं.

शेवटच्या नळाला तरीही शून्य. तेव्हा लाइन धरून चालत गेलो. खालच्या वॉर्डात नळाचा पाइप सांडपाण्याच्या नालीतून गेला होता आणि जोडावर फुटला होता. नळ चालू असताना पाणी बाहेर फुटतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण नळ बंद झाला की रिकामा पाइप तीच नाली आत ओढतो. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, म्हणजे नाली पिण्यासाठी भरपूर वेळ. पाइप नालीच्या वरून घेऊन लोखंडी बाहीत टाकला. दोन दिवसांचं काम, प्लंबर-सामानासह साडेचार हजार, पाणीपट्टीच्या खात्यातून. जुलाब थांबले. ऑक्टोबरच्या पाणीस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला पिवळं, म्हणजे मध्यम धोक्याचं, कार्ड मिळालं, विहिरीजवळच्या उकिरड्यामुळे. नायट्रेट 41 का होतं तेही त्या उकिरड्यानंच सांगितलं. तो हलवायला मालकाशी भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

आता पोडाचं. 15 ऑगस्ट 2023 च्या ग्रामसभेत विषय ठेवला: गावच्या टाकीतून पोडावर पाणी न्यायचं. पोडाच्या बायका पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं आल्या आणि मागे भिंतीला टेकून बसल्या. गावातून लगेच आवाज आला, "आमालेच पुरत नाई, पोडावर कुठून देता?" आणखी कोणी म्हणालं, "बुढे तेच पानी पिऊन नव्वद वर्स जगले." बुढे नव्वद वर्षं जगले तेव्हा ते पाणी झऱ्याचं आणि आडाचं होतं, वरचं. खोल बोअर अलीकडचा. हे नाईकांनी स्वतः उठून सांगितलं, माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

पुरण्या-न पुरण्याचा हिशोब मी लिहून नेला होता. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर धरतात, पण ते आंघोळ-धुण्यासकट. नुसतं पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी आठ ते दहा लिटर लागतात. पोडावर एकशे ऐंशी माणसं, म्हणजे अठराशे लिटर. पन्नास हजारांच्या टाकीतून अठराशे. बाकी सगळ्याला पोडाचा बोअर आहेच, त्या पाण्यानं आंघोळ केली, भांडी घासली तर काही होत नाही. हा आकडा ऐकल्यावर विरोध पूर्ण मावळला असं नाही, पण हात वर झाले.

ठरावाच्या भाषेकडे फार लक्ष द्या. "पोडावर शुद्ध पाण्याची व्यवस्था करावी" असा ठराव आमच्या रजिस्टरात याआधीही होता, त्यानं काही झालं नव्हतं. या वेळी अहवालाचा क्रमांक, फ्लोराईड 2.9, किती लोक, किती लिटर, कुठून कुठपर्यंत पाइप आणि पैसे कोणत्या शीर्षातून, हे सगळं ठरावातच लिहून घेतलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पैशातले 60 टक्के बंधित, म्हणजे ठराविक कामांसाठीच राखलेले, होते, त्यातले निम्मे पिण्याच्या पाण्यासाठी. म्हणजे पैसे होते. पण चालू आराखड्यात हे काम नव्हतं, आणि आराखड्यात नाही ते खर्च करता येत नाही. अंदाजपत्रकासाठी अभियंता साहेब यायला डिसेंबर उजाडला. पावणेतीन लाखांचं अंदाजपत्रक: पाइप, खोदाई, पोडाच्या शाळेजवळ दोन हजार लिटरची टाकी, चार तोट्या. 26 जानेवारी 2024 च्या ग्रामसभेत ते पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घातलं. तांत्रिक मान्यतेची फाइल मार्चमध्ये गेली आणि 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली.

या मधल्या काळात नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना आली. ती खास अतिमागास आदिवासी जमातींसाठी आहे, महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड, आणि तिच्यात नळाचं पाणीही धरलेलं आहे. आमची फाइल आधीच एका वाटेला लागल्यानं आम्ही ती उचलून दुसरीकडे नेली नाही. पण तुमच्याकडे कोलाम वस्ती असेल आणि सुरुवात करायची असेल तर ती योजना अजून चालू आहे का ते आधी विचारा.

पाइप येईपर्यंत काय? नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं शोधलेली नालगोंडा पद्धत आहे, तुरटी आणि चुना मापात टाकून फ्लोराईड खाली बसवायचं. ती खरी आहे, पण तुरटीचं माप पाण्याच्या क्षारतेप्रमाणे बदलतं, रोज कोणीतरी ते करायचं, आणि खाली बसलेला गाळ कुठे टाकायचा हा प्रश्न. पोडावरच्या बायका कापूस वेचायला सकाळी सहाला निघतात. मी त्यांना ते सुचवलंही नाही.

आम्ही मुलांपासून सुरुवात केली. आठ वर्षांच्या आत पक्के दात घडत असतात, त्यामुळे अंगणवाडी आणि शाळेसाठी गावच्या नळाचे कॅन रोज जातील असं ठरलं. शाळेत येणारे एक सर मोटारसायकलवर दोन कॅन नेत, सुट्टीच्या दिवशी पोडातलाच एक मुलगा सायकलवर. गरोदर बायांच्या घरी आशाताई सांगत. आहारात कॅल्शियम गेलं तर फ्लोराईड अंगात कमी भिनतं, म्हणून तरोट्याची भाजी पावसाळ्यात खा असं त्या म्हणाल्या, तर पोडाच्या बायका हसल्या. तरोटा त्या पिढ्यान्‌पिढ्या खातात, गावातल्यांनीच सोडला.

बोअरच्या टाकीला लाल रंग दिला आणि "पिण्यासाठी वापरू नये" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, बोअर बिघडला का? पाटी वाचता येणारे थोडे, आणि लाल रंगाचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. मग घरोघर जाऊन कोलामी बोलणाऱ्या अंगणवाडी मदतनीसताईंनी सांगितलं. सरकारी पाटी लावून तुमचं कर्तव्य कागदावर पूर्ण होतं, पण पाणी त्याच हांड्यात पडत राहतं.

आचारसंहिता जूनमध्ये उठली तेव्हा पाऊस आला होता. काळ्या मातीत पावसाळ्यात चर खोदता येत नाही, दुपारी खोदला की रात्री बुजतो. दिवाळीच्या आधी सुरू करू म्हणेपर्यंत 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. या दिवसांत मी खरंच कंटाळले होते. घरचे म्हणत, "तुमी कायले पडता भानगडीत?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइल बंद होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा जाऊन ती कोणत्या टेबलावर आहे एवढं फक्त पाहून यायचे. बाबूंनाही सवय झाली, मला पाहिलं की तेच सांगायचे, "आहे, आहे, इथंच आहे."

चर खोदायला लागले डिसेंबर 2024 मध्ये. एका शेताच्या धुऱ्यावरून पाइप जाणार होता, मालकांनी तूर निघेपर्यंत थांबायला सांगितलं, थांबलो. फेब्रुवारी 2025 मध्ये तोट्यांना पाणी आलं. पहिले दोन दिवस पाइपातली माती येत होती, ते पाणी वाहू दिलं. मग टाकीत क्लोरीन टाकून एक दिवस ठेवलं, ओतून दिलं, पुन्हा भरलं आणि नमुना पाठवला. फ्लोराईड 0.6, शेवटच्या तोटीला क्लोरीन 0.2, जंतू नाहीत. या वेळी अहवाल क्रमांकावरून मागितला, दहा दिवसांत मिळाला.

गावाला ऑक्टोबर 2024 मध्ये हिरवं कार्ड मिळालं होतं. किटमधल्या दोन बाटल्यांची मुदत संपली आहे, नव्यासाठी अर्ज दिलेला आहे. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची पावसाळ्याआधी-नंतर अशी दोनदा करायची असते, त्या तारखा आता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवल्या आहेत. पाच जणींपैकी दोघी लग्नं-बाळंतपणांत गेल्या, त्यांच्या जागी पोडावरची एक आणि गावातली एक अशा दोघी शिकताहेत. पोडावरची झपाट्यानं शिकली, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. गावच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पोडावर आता प्यायला तोटीचं पाणी, पण डाळीला बोअरचं, असं बऱ्याच घरांत चालू आहे. म्हणजे फ्लोराईड वरणातून पोटात जातंच आहे. डाळ रात्री भिजत घाला म्हणून सांगितलं, तर एकीनं विचारलं, उद्या डाळ करायची की नाही ते रात्रीच कसं ठरणार? तिच्या घरी ते सकाळच्या मजुरीवर ठरतं. सध्या आम्ही तिघी-चौघी तोटीच्या पाण्यात डाळ शिजवून किती वेळ लागतो, सरपण किती जास्त जातं, ते वहीत लिहून काढतो आहोत. कोणाच्या गावात यावर काही जमलं असेल तर मला नक्की कळवा.